हृदयाचा साइड व्ह्यू

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सोलापुरात होते तेव्हा माझ्या ड्रॉइंग बोर्डावर मशीनच्या भागाची शीट असायची आणि तिच्याखाली जीवशास्त्राचं पुस्तक. बारावीला मी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतले होते. मेडिकलची प्रवेश परीक्षा थोडक्यात हुकली, इंजिनिअरिंगला मात्र नंबर लागला, आणि घरच्यांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही. इथली प्रॅक्टिकलं, सबमिशनं सांभाळून पुन्हा मेडिकलची तयारी करायची असं मी ठरवून टाकलं. हॉस्टेलमध्ये कुणाचं डोकं दुखलं की मुली मुद्दाम माझ्या दारात यायच्या. "डॉक्टरीणबाई, तपासा जरा." मी वरून हसायचे, आतून चिडायचे.

खरी अडचण अभ्यासाची नव्हती, दादांची, म्हणजे वडिलांची होती. केम हे आमचं कुंकवाचं गाव, तिथल्या देवळाची पूजा आमच्या घरी आहे. वाटेत अंत्ययात्रा नुसती दिसली तरी घरी येऊन पुन्हा आंघोळ करणारा हा माणूस. दिवाळीत मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "तितं मेलेल्याला हात लावाया लागतो की. आन् त्येच हात घिऊन तू घरात येणार." मग समजुतीनं, "इंजिनेर हो. लई चांगलं हाय ते." त्यानंतर मी तोंड उघडायच्या आत ते उठून जायचे. त्यांना न सांगता परीक्षेला बसता आलं असतं. पण ज्या माणसाच्या पंगतीला बसायचं त्याच्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवायची, हे मला जमणारं नव्हतं. ते हो म्हणाले तरच बसायचं, नाहीतर निमूट इंजिनिअर व्हायचं.

आणि एक गोष्ट मी कुणाशी बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं मलाही खरं वाटायचं. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. मला हे सगळं झेपेल का, अशी शंका मलाही यायची.

ड्रॉइंगच्या तासाला मी पकडले गेले. कंटाळून शीटच्या कोपऱ्यात हृदय काढलं होतं, पुस्तकातल्यासारखं, शिरा-धमन्यांसकट. सर मागं कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. मी घाईनं खोडरबर उचललं. सर मात्र चष्मा वर करून शीटवर वाकले.

"फ्रंट व्ह्यू चांगलाय. साइड व्ह्यू कुठाय?"

"पुस्तकात एवढंच आहे, सर."

"म्हणजे तुम्ही वस्तू पाहिलेलीच नाही. पाठ केलेलं चित्र मी तपासत नाही." आणि ते पुढच्या बोर्डाकडं गेले.

वर्ग हसला. मीही हसले, पण तास संपेपर्यंत मला दुसरं काही सुचेना. हृदयावरचे किती प्रश्न मी सोडवले असतील. डाव्या कप्प्याची भिंत जाड, हे झोपेतही सांगितलं असतं. पण ते बाजूनं कसं दिसतं, वरून कसं दिसतं, मला ठाऊक नव्हतं. चार पर्यायांतून एक निवडता येत होता, एवढंच.

रविवारी सकाळी मी रूममेटला बरोबर घेतलं. ती अक्कलकोटकडची, घरात मटण खाणारी. "भाजी घेतल्यासारखं घ्यायचं गं, त्यात काय," असं म्हणत ती पुढं आणि मी ओढणी नाकाला लावून मागं. बकऱ्याचं हृदय हवंय म्हटल्यावर दुकानदारानं आम्हा दोघींकडं पाहिलं. "कुत्ते के वास्ते होना क्या?" रूममेटनं माझ्याकडं बोट दाखवलं. "इनके वास्ते." त्यानं पिशवी बांधून दिली.

हॉस्टेलच्या मागच्या नळाखाली मी ते धुतलं. म्हणजे धुवायला घेतलं, पिशवी उघडली आणि पुन्हा बांधली. वडील बरोबर होते, हे आपलं काम नव्हे, असं अगदी स्पष्ट वाटलं. रूममेट म्हणाली, "दे, मी कापते." तिनं हात पुढं केला आणि का कोण जाणे, मला ते आवडलं नाही. मी पिशवी ओढून घेतली.

ते हातात जड लागलं, घट्ट आणि गार. कागद कापायच्या कटरनं मी ते उभं चिरलं. डावी भिंत खरंच जाड होती, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कळत होती. उजवी किती पातळ. आत झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोरे होते, शिवणीच्या दोऱ्याहून थोडेसेच जाड, आणि ओढले तरी तुटेनात. मी एक झडप उघडून पाहिली, मिटून पाहिली, पुन्हा उघडली. रूममेट कधीच नाश्त्याला निघून गेली होती. किळस कधी गेली हे मला आठवत नाही. किळस गेली होती एवढं लक्षात आलं आणि मला रडू फुटलं, आनंदानं. मला डॉक्टर व्हायचं होतं. हट्ट म्हणून नाही, खरंच व्हायचं होतं.

तिन्ही व्ह्यू काढलेली शीट सरांनी शांतपणे तपासली, एका रेषेची जाडी चुकली म्हणून गोल केला आणि सही ठोकली. तीच शीट गुंडाळून मी शनिवारी गाडीत बसले.

आई ओसरीवर कुंकवाच्या पुड्या भरत होती, हात कोपरापर्यंत लाल. मी वडिलांपुढं शीट पसरली.

"कशाचं हाय ह्ये?"

"हृदयाचं. बकऱ्याच्या."

"बघून काढलंस?"

"व्हय. हातात धरून. कापून." न थांबता मी पुढं बोलले. "दादा, मला जमतंय ते. मला तेच करायचंय."

वडील शीटकडं बघत बसले. मग त्यांनी ती हळूच गुंडाळली, तिला रबर लावलं आणि देव्हाऱ्याच्या खोलीत नाही, पण बाहेरच्या खोलीत कपाटावर ठेवली. येऊन उभे राहिले.

"नंतर आंगूळ केलीस?"

"केली."

"डोक्यावरनं?"

"डोक्यावरनं."

"मग बस जेवाया," ते म्हणाले, आणि स्वतःच्या पाटाशेजारी त्यांनी माझा पाट मांडला. जेवता जेवता त्यांनी परीक्षा कधी आहे ते विचारलं.

आता मी मेडिकलला आहे. शवविच्छेदनाच्या हॉलमधून आलेल्या पहिल्याच संध्याकाळी वडिलांचा फोन आला. काय पाहिलं, भीती वाटली का, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. अजूनही विचारत नाहीत. रोज संध्याकाळी फोन येतो.

"आंगूळ झाली?"

"झाली, दादा."

"मग जेव."