उजव्या खांद्याचं माप

अकरा फेब्रुवारीला धनुष्यं करणाऱ्या कमठेवाल्याच्या हातात बेचाळीस हजार सहाशे रुपये पडले. तिरंदाजी संस्थेच्या सचिवांनी ते स्वतः दुकानात आणून दिले, मोजून घ्यायला लावले, पावती खिशात घातली आणि उठता उठता म्हणाले, "ही अगाऊ रक्कम. पण आधी नमुना दाखवायचा. नमुना पसंत पडला तर चोवीस धनुष्यं तुमची. नाही पडला तर रक्कम परत, आणि कमिटी कारखान्याचा माल घेणार."

"तीस वर्षं मी काय गोट्या खेळतोय?" कमठेवाला म्हणाला. "नमुना कसला मागता?"

"तुमच्यावर अविश्वास नाही हो. नव्या प्रशिक्षक बाई आल्यात. त्या म्हणतात, शेजारी शेजारी लावून बघू, मग बोलू."

"लावा की. माझं जुनंही लावा शेजारी. नऊ वर्षांपूर्वी दिलेलं आहे ना तुमच्या कपाटात? बघू देत बाईंना, लाकूड कसं टिकतं ते."

सचिव हो म्हणून गेले. ही मागणी कमठेवाल्याने आपल्या तोंडाने केली, हे धाकट्या भावाने नीट ऐकलं होतं. पुढे तो ते कधी विसरला नाही.

दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. एका भिंतीला तुतीच्या आणि बाभळीच्या फळ्या उभ्या टेकवलेल्या, सालीसकट, टोकांना मेण फासून. दुसऱ्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक जाड खुंटी, तिच्यावर अर्धवट झालेलं धनुष्य आडवं बसवायचं आणि खालून दोरी ओढत त्याचा बाक बघायचा. खुंटीमागच्या चुन्यावर बाकाच्या कितीतरी कोळशाच्या रेघा होत्या. धाकटा कुऱ्हाडीने आणि रंध्याने लाकूड आकाराला आणायचा. कमठेवाल्याची बायको खिडकीशी बसून दोऱ्या वळायची, त्यांना मेण चोळायची. आणि मधलं, खरं काम कमठेवाल्याचं. धनुष्याचं पोट, म्हणजे नेमबाजाकडे येणारी बाजू, पातीने खरवडत खरवडत मुठीच्या वरची आणि खालची फांदी सारखी वाकेपर्यंत आणायची आणि नेमक्या वजनाला थांबायचं.

वजनासाठी दुकानात काटा नव्हता. बापाच्या वेळेपासून नव्हता. बाप म्हणायचा, काटा वजन सांगतो, वागणं सांगत नाही. धनुष्य पूर्ण ओढायला किती जोर लागतो ते कमठेवाला खांद्यावर ओळखायचा. चाळीस पौंडांना त्याचा उजवा खांदा आत कुठेतरी बारीक कुरकुरायचा. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. लोक पैज लावून काट्यावर तपासायचे आणि हरायचे. पैजेचा चहा धाकट्याने फुकटात खूप प्यायला होता.

आता तसले दिवस उरले नव्हते. कारखान्याची, पट्ट्या चिकटवून केलेली लाकडी धनुष्यं निम्म्या किमतीत मिळायची. दुकानावर दोन घरं चालत होती आणि दोन्ही घरं महिनाअखेरीला एकमेकांकडे बघायची. धाकट्याने एका गोदामात पॅकिंगच्या कामासाठी गुपचूप विचारून ठेवलं होतं. चोवीस धनुष्यं मिळाली तर ते विचारणं विसरायचं, नाही तर दुकानाला कुलूप. दोघा भावांमध्ये याचा उच्चार झाला नव्हता, पण दोघांनाही ते ठाऊक होतं.

नमुन्यासाठी कमठेवाल्याने तुतीची सगळ्यात सरळ फळी काढली. एकही गाठ नाही, वर्षावर्षाच्या वाढीच्या रेघा वहीवर आखल्यासारख्या. धाकट्याने ती आकाराला आणून दिली. मग कमठेवाला खुंटीपाशी उभा राहिला. ओढायचा, उतरवायचा, पातीने खरवडायचा, पुन्हा ओढायचा.

"अजून ताठ आहे," तो म्हणायचा.

खिडकीतून बायको म्हणाली, "अहो, हल्ली भुसा फार पडतो तुमचा. पूर्वी एका धनुष्याला सुपलीभर पडायचा."

"लाकूड कडक येतंय. तुती रागावलीय माझ्यावर."

"तुती कशाला रागवेल? रागवायला मी आहे की घरात."

धाकटा हसला. कमठेवालाही हसला, पण पाती ठेवून त्याने उजवा हात दोनदा झटकला. वर्षभर तो हे करत होता. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची, चहाचा कप कधी डाव्या हातात गेला ते त्यालाही कळलं नव्हतं. वय झालं, असं म्हणून दोघांनी विषय मिटवला होता.

एक गोष्ट मात्र मिटली नव्हती. दोन वर्षांत तीन-चार गिऱ्हाइकं परत येऊन म्हणाली होती, धनुष्य गोड आहे, ओढायला लोण्यासारखं आहे, पण बाण पोचत नाही. कमठेवाल्याने सगळा दोष दोरीवर ढकलला होता. दोरी जाड झाली की बाण मंद जातो, हे खरंच आहे. बायकोने दोऱ्या बारीक केल्या, धागा बदलला, मेण बदललं. एकदा रात्रीचं जेवण वाढता वाढता ती एवढंच म्हणाली होती, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यावर त्याने ताट सरकवलं होतं. तेव्हापासून ती दोऱ्यांविषयी काही बोलत नसे. वळून झाली की दोरी त्याच्या बाकावर ठेवायची आणि उठून जायची.

चाचणी रविवारी सकाळी संस्थेच्या मैदानावर झाली. टेबलावर तीन धनुष्यं मांडलेली. कारखान्याचं चकचकीत, पॉलिश केलेलं. कमठेवाल्याचा नमुना, फिकट पिवळा, अजून तेलाचा वास येणारा. आणि त्याचंच नऊ वर्षांपूर्वीचं, घामाने आणि हातांनी काळपट झालेलं, मुठीचं चामडं झिजून गुळगुळीत झालेलं. प्रशिक्षक बाई अंगाने सडपातळ, बोलायला कमी. त्यांनी तिन्हींना दोरी चढवली आणि प्रत्येकाने सहा सहा बाण मारले. लक्ष्य साठ मीटरवर होतं.

कारखान्याच्या धनुष्याचे सगळे बाण लक्ष्यात बसले. बाई मनगट चोळत म्हणाल्या, "पोचतंय. पण सुटताना मुठीत फटका बसतो. आणि ओढताना शेवटच्या चार बोटं अंतरात एकदम दगड होतं. दिवसभर हे मारलं तर मुलांचे खांदे जातील."

कमठेवाल्याने धाकट्याकडे बघून भुवई उडवली.

मग नमुना. बाईंनी ओढला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "अरे वा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं येतं. फटका अजिबात नाही." बाण सुटला, छान वर चढला आणि लक्ष्याच्या दोन हात अलीकडे गवतात रुतला. बाईंनी नेम वर धरला. दुसरा लक्ष्याच्या पायाशी लागला. सहापैकी दोन कसेबसे बसले, तेही वरून पडल्यासारखे.

मग बाईंनी जुनं धनुष्य घेतलं. सहा बाण मारले, सहाही बसले, जवळ जवळ. त्यांनी धनुष्य खाली केलं आणि थोडा वेळ हातातच ठेवलं. "मला हे हवंय," त्या म्हणाल्या. "यातला गोडवा नमुन्यात आहे. जोर नाहीये. काका, हे तुम्हीच केलंय ना?"

"मीच."

"मग आता काय बदललं?"

"काही नाही. तीच तुती, तोच हात." कमठेवाला पुढे झाला. "नमुना चाळीसचा आहे. खांद्यावर तोलून दिलाय मी. जुनं असेल पन्नासचं, तेव्हा जास्त ठेवलं गेलं असेल."

सचिवांनी कपाटातून ताणकाटा आणला. आकड्यात दोरी अडकवून बाईंनी एकेक धनुष्य पूर्ण ओढलं आणि सचिवांनी आकडा वाचला. कारखान्याचं चाळीस. जुनं एकोणचाळीस. नमुना एकोणतीस.

"काटा बिघडलाय," कमठेवाला म्हणाला.

"तिन्हींना एकच काटा आहे, काका." बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी जुनं धनुष्य त्याच्यापुढे धरलं. "तुम्हीच ओढून सांगा ना. तुमच्या हाताला काय वाटतं?"

त्याने ते घेतलं. मूठ ओळखीची होती, तिचा खळगा त्याने स्वतःच्या अंगठ्याने घासलेला. त्याने ओढायला घेतलं. दोरी छातीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. दंडाची कातडी घोड्याच्या अंगावर माशी बसावी तशी थरथरायला लागली. खांदा आधीच कुरकुरून गेला होता, केव्हाच. त्याने दात दाबून अजून जोर लावला. दोरी एक बोटभरही सरकली नाही. मग त्याने ती हळूच परत जाऊ दिली, कारण बाणाशिवाय रिकामी दोरी सोडली तर धनुष्य मोडतं, आणि तेवढं भान त्याला होतं.

"जुनं लाकूड ताठलंय," सचिव समजुतीने म्हणाले. "होतं असं."

कमठेवाल्याने मान हलवली. "लाकूड म्हातारं झालं की नरमतं. ताठत नाही." हे त्यानेच धाकट्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्याने धनुष्य टेबलावर ठेवलं आणि उजवा हात डाव्या हाताने धरून उभा राहिला, हरवलेलं पोर सापडल्यावर धरतात तसा.

सचिवांनी खऱ्या चाळीसची धनुष्यं द्यायला चार महिन्यांची मुदत दिली. भाऊ दुकानावर परतले. दुकानात शिरल्यावर कमठेवाला खुंटीजवळ न जाता खिडकीपाशी गेला. बायको दोरी वळत होती.

"दोरी बरोबर होती," तो म्हणाला.

तिने हात थांबवले. "कुठली?"

"सगळ्या. दोन वर्षांतल्या सगळ्या."

ती पुन्हा वळायला लागली, पण पीळ उलटा पडला आणि तिला ती दोरी उकलावी लागली.

डॉक्टरांकडे तिघं गेले. हाताला तारा लावून तपासणी झाली. डॉक्टर तरुण होता, कागदाकडे बघून बोलत होता. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरताहेत, म्हणाला. आधी हा हात, मग तो. मग पाय, मग गिळणं. औषधाने थोडं लांबवता येईल, थांबवता येणार नाही.

"दुखणार का?" बायकोने विचारलं.

"दुखत नाही फारसं."

"तेच तर," कमठेवाला म्हणाला. "दुखलं असतं तर कळलं असतं."

जिन्यात त्याने धाकट्याला विचारलं, "दोन वर्षांत किती विकली आपण?"

"असतील तीसेक."

"सगळी हलकी गेली."

"परत मागवू. दुरुस्त करू."

"कशी करशील? खरवडलेलं लाकूड परत चढतं का?"

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आता एक ताणकाटा आणायचा."

"दुकानात काटा येणार नाही," कमठेवाला म्हणाला.

"मग कोणाच्या खांद्यावर तोलणार? माझ्या?"

"वहिनी, मी ओढतो ना," धाकटा म्हणाला.

"भावजी, तुमचा खांदा किती पौंडांना कुरकुरतो, माहितीये का तुम्हाला?"

धाकट्याला माहीत नव्हतं. ती चपला घालून हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि काटा घेऊन आली. तो तिने खुंटीच्या बाजूला स्वतः खिळा ठोकून टांगला. कमठेवाला पाठ फिरवून बसला होता. ठोकून झाल्यावर म्हणाला, "वर लावलायस. एक वीत खाली घे, नाहीतर आकडा वाचताना मान मोडेल."

तिथून काम असं चाललं. धाकटा खरवडायचा, बायको काटा वाचायची, कमठेवाला स्टुलावर बसून बाक बघायचा. डोळा शाबूत होता. "खालची फांदी मुठीजवळ ताठ आहे. दोन हात मार. बास. तिथे नको, तिथे हिंज होईल, बिजागरीसारखं एकाच जागी वाकेल." धाकट्याचं पहिलं धनुष्य एका गाठीवर तडकलं आणि फुटलेली फांदी कमठेवाल्याच्या कपाळाला लागून गेली. दुसरं सदतीसवर उतरलं. तिसरं एकेचाळीस भरलं, पण ओढताना मध्येच अडखळायचं. कमठेवाला हात पुढे करायचा, द्या मला, बघू द्या कुठे अडतंय ते, आणि मग हात परत मांडीवर ठेवायचा.

"सांग ना, कसं वाटतं?" तो धाकट्याला विचारायचा.

"जड वाटतं."

"जड सगळीच असतात. कसं जड? पोत्यासारखं का दारासारखं?"

धाकटा विचार करायचा. आधी आधी त्याला उत्तर यायचं नाही. मग एकदा तो म्हणाला, "गंज लागलेल्या दारासारखं. अर्ध्यावर धरतं, मग सुटतं." कमठेवाल्याने लगेच कुठे खरवडायचं ते बोटाने दाखवलं. डाव्या बोटाने, कारण उजवं आता उचललं जात नव्हतं.

चार महिन्यांत नऊ झाली. संस्थेने नऊ घेतली, उरलेली पंधरा कारखान्याची मागवली आणि हिशेब तिथेच मिटवला. धाकट्याने गोदामातलं काम धरलं, अर्ध्या दिवसाचं. दुकान दुपारनंतर उघडायचं.

नववं धनुष्य घ्यायला बाई स्वतः आल्या. दुकानामागच्या बोळात उभं राहून त्यांनी ते रिकामंच दोनदा ओढलं आणि सावकाश परत सोडलं. कमठेवाल्याला दारापर्यंत खुर्चीसकट आणून बसवलं होतं. डावा हातही आता मांडीवरच असायचा.

"किती भरलं?" त्याने विचारलं.

"चाळीस," बायको म्हणाली.

"आकडा नाही विचारला मी. बाई, कसं आहे?"

"सारखं येतं. शेवटपर्यंत."

"जुन्यासारखं?"

बाईंनी पुन्हा ओढलं. वेळ घेतला. "जवळपास," त्या म्हणाल्या. "जुन्यात अजून काहीतरी होतं. ते काय, मला सांगता येत नाही."

"मलाही नाही," कमठेवाला म्हणाला. "माझ्या बोटांवर दोरी ठेवा जरा."

धाकट्याने धनुष्य त्याच्या मांडीवर आडवं ठेवलं. बायकोने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं एकेक करून दोरीवर वाकवली. तिने हात काढला तशी ती सरळ झाली. तिने पुन्हा वाकवली आणि वर आपला हात दाबून धरला. तसे ते दोघं थोडा वेळ बसून राहिले. मग बाईंना उशीर होत होता म्हणून धाकट्याने धनुष्य उचलून कापडात गुंडाळून दिलं.

कमठेवाला त्याच वर्षी, डिसेंबरात गेला. दुकान दुपारनंतर अजून उघडतं. ताणकाटा सहाशे नव्वदचा होता. बायकोने साडेपाचशे दिले होते. हार्डवेअरवाल्याचे एकशे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.