तिसऱ्या गिअरमधला आवाज

नवी मोटरसायकल घेऊन बारा दिवस झाले होते आणि तिच्या पोटात काहीतरी खुळखुळत होतं.

सकाळी बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीतून बाहेर पडून तिसरा गिअर टाकला की टाकीच्या खाली, उजव्या अंगाला, बारीक खडखड सुरू व्हायची. डब्यात चार वाटाणे घालून हलवल्यासारखी. दहा-बारा मिनिटं ती टिकायची, मग विरत जायची. महादेवपुऱ्याला ऑफिसात पोचेपर्यंत गाडी इतकी साळसूद झालेली असायची की मी सांगितलेलं कुणाला खरं वाटू नये. आणि कुणाला वाटतही नव्हतं.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. मी संशयी आहे. भाजीवाल्यानं वर मांडलेले टोमॅटो बाजूला सारून मी खालचे बघते. माझं पोटही संशयावरच चालतं. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. दुसऱ्यानं 'झालं' म्हणून सांगितलेलं खरंच झालंय का, ते उकरून काढायचं. 'माझ्या मशीनवर तर नीट चालतंय' असं एखादा मुलगा म्हणाला की मी त्याच्याकडे जी बघते, त्यावरून ऑफिसात माझी बरीच थट्टा होते.

त्यामुळे शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिकनं गाडीवर एक चक्कर मारून "होस गाडी मॅडम, स्वल्प सेट आगबेकु" असं हसत सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. नवी गाडी आहे, थोडी सेट व्हायला हवी, इतकंच त्याचं म्हणणं. पण चक्कर मारताना त्याच्या एका कानात इअरफोन होता, हे मी पाहिलं होतं. मी माझ्या बेळगावी कन्नडमध्ये त्याला ते ऐकवलं. माझं कन्नड ऐकलं की बेंगळुरूच्या माणसांच्या ओठांवर जे हसू येतं ते त्याच्याही आलं. मग तो म्हणाला, मॅडम, तुम्ही क्लच अर्धा दाबून चालवता का? बायका बहुतेक तसंच चालवतात.

त्या क्षणापासून मला त्या शोरूममधल्या प्रत्येक माणसाचा संशय येऊ लागला. गाडी ताब्यात दिली तेव्हा मीटरवर नऊ किलोमीटर कसे होते? गोडाऊनपासून शोरूमपर्यंत चालवत आणली म्हणे. मग इंजिनाच्या उजव्या बाजूच्या एका स्क्रूच्या डोक्यावर पान्हा घसरल्यासारखा ओरखडा का होता? कुणीतरी ही गाडी आधी पाडली असणार, खोलली असणार, पुसून-पासून माझ्या गळ्यात मारली असणार. मी त्या स्क्रूचे फोटो काढले. मग पेट्रोल बंक बदलला, कारण भेसळीचाही संशय होताच. ऑफिसातली पुण्याची मैत्रीण म्हणाली, "यार, तू खूप ओव्हरथिंक करतेस. म्युझिक लाव आणि चालव ना." मी तिच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

आमची घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते. तिचं मराठी घराणं पिढ्यान्-पिढ्या याच गल्लीतलं, त्यामुळे तिला सगळे अक्का म्हणतात. अक्कांचा निदानावर माझ्याहून जास्त विश्वास. गाडी आणली त्या दिवशी त्यांनीच दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली होती. पुढचं लिंबू चिरडलं, मागचं मात्र टुणकन उडून अख्खंच्या अख्खं गटारात गेलं. "ते मागचं फुटलं नाही बघ, तिथंच सगळं अडलंय," असं त्या रोज सकाळी मला सांगायच्या. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांचं खरं असेल की काय असंही वाटायचं.

तिसऱ्यांदा तक्रार केल्यावर शोरूमवाले नमले. सोमवारी कंपनीचा इंजिनिअर येणार होता, त्याच्या हातून इंजिन उघडून बघू म्हणाले. मला मात्र त्याआधी एक साक्षीदार हवा होता. आणि या बाबतीत माझ्या लेखी एकच माणूस होता.

माझे आप्पा बेळगावच्या वडगावात जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमागांचा दुरुस्तीवाला. एकेका कारखान्यात चोवीस माग एकदम खटाखटा चालत असायचे, जमीन हादरायची. शाळेतून मी डबा घेऊन जायची तेव्हा आप्पा दारात नुसते उभे राहून सांगायचे, "सतरा नंबरचा धोटा लंगडालाय." कुणी जाऊन बघितलं की आडवा दोरा नेणारा तो धोटा सतराचाच निघायचा. मग आप्पा खिशातून लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक मागावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. "यंत्राला लाज नसते," ते म्हणायचे, "दुखलं की ओरडतं. ऐकणारा पायजे." माझे कान त्यांचेच, असं घरात सगळे म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

मी घरी फोन केला. फोन नेहमीप्रमाणे आईनंच उचलला. मी सगळं सांगितलं.

"थांब, मी विचारून सांगतो त्यांना," आई म्हणाली. कोल्हापूर-बेळगावकडच्या बायका 'जातो, करतो' म्हणतात, तसंच ती बोलते. थोड्या वेळानं म्हणाली, "येवालेत. त्यांना काय, बसूनच असतात. शनिवारी सकाळी पोचतील बघ."

शनिवारी सकाळी आप्पा आले. पिशवीत दोन धोतरं, कुंदा आणि तो स्क्रूड्रायव्हर. चहासुद्धा न घेता ते खाली पार्किंगमध्ये गेले. अक्काही तिथं येऊन उभ्या राहिल्या. गाडी रात्रभर थंड पडली होती. मी ती सुरू करून तिसऱ्या गिअरला असतो तेवढा वेग दिला आणि खडखड लगेच सुरू झाली. मला ती स्वच्छ ऐकू येत होती. आप्पांनी स्क्रूड्रायव्हर काढला. त्याची मूठ एका बाजूला खडबडीत झाली होती, उंदरानं कुरतडल्यासारखी. त्यांनी टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच राहिले. मी वेग तसाच धरून उभी होते.

मग ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "काय नाही गं. मशीन बेस्ट हाय."

मला आधी रडू आलं. मग लाज वाटली. शोरूमचा मेकॅनिक खोटं बोलू शकतो, आप्पा कसे बोलतील? म्हणजे खोट माझ्यातच होती. इतके दिवस मी जगावर संशय घेत हिंडत होते आणि भुरळ माझ्याच कानांना पडली होती. मी वर जाऊन सर्व्हिस सेंटरला फोन केला आणि सोमवारची तपासणी रद्द करायला सांगितली. पलीकडच्या माणसानं "सरी मॅडम, सरी सरी" म्हणजे 'बरं बरं' असं इतक्या आनंदानं म्हटलं की मी फोन जवळजवळ आपटलाच.

दुपारी मी भाताचा कुकर लावला आणि आप्पांना म्हणाले, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." आंघोळ करून मी बाहेर आले तेव्हा आप्पा ओट्याला अगदी खेटून उभे होते आणि कुकरच्या शिट्टीकडे टक लावून बघत होते. ती उचलली गेली, वाफ सुटली, आणि त्यांनी बोट दुमडलं. तिसरं. मग गॅस बंद केला.

शिट्टीकडे कुणी बघत नाही. शिट्टी ऐकायची असते.

मी ताटं मांडली. पण एकदा पाल चुकचुकली की मला झोप येत नाही. मग मी बाकीचं आठवू लागले. सकाळी दारावरची बेल दोनदा वाजली तेव्हा आप्पा दारापासून चार पावलांवर बसून पेपर वाचत होते, आणि उठले नव्हते. फोन कायम आईच उचलते. त्यांचं म्हणणं कायम आईच सांगते. शेवटचं मी आप्पांशी फोनवर सरळ कधी बोलले होते? वर्ष तरी झालं असेल. मी ते कधी मोजलं नव्हतं. भाजीवाल्यापासून कंपनीपर्यंत सगळ्यांची उलटतपासणी घेणारी मी, आणि काखेत कळसा.

रविवारी सकाळी मी परीक्षा घेतली. आप्पा गॅलरीत पाठमोरे उभे राहून रस्ता बघत होते. मी त्यांच्या मागे तीन हातांवर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आप्पा, गाडीत आवाज आहे."

ते रस्ता बघत राहिले.

तरी मला ते खोटं पाडायचं होतं. रस्त्यावर रिक्षा होत्या, नसेल ऐकू आलं. मी पुढे गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ओठ हलवून विचारलं, "चहा घेणार?" नुसते ओठ. घशातून आवाज मी काढलाच नाही.

"अर्धा कप," आप्पा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्याखाली हात धरून उभी राहिले. आमच्याकडे कारखान्यात सगळे असेच बोलायचे. चोवीस मागांच्या गदारोळात ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून माणसं तोंड मोठं करून, शब्द नुसता ओठांवर मांडून बोलतात आणि समोरचा तो वाचतो. मीही लहानपणी डबा देताना तसंच बोलायची. घरी आल्यावरही सगळ्यांचं बोलणं तसंच राहायचं, ठसठशीत, तोंडाकडे बघून. अशा घरात एखाद्याचा कान गेला तर कळणार कसं? आमच्या या सवयीनंच त्यांना इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं. मी आवाज न काढता विचारलं, हे आत्ता त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मला त्यांचा राग आला. खरंच आला. ऐकू येत नव्हतं तर कानाला मूठ लावून डोळे कशाला मिटले? मी त्या गाडीवरून रोज टिन फॅक्टरीच्या चौकातून जाते, मागून बस दामटत असतात. बेस्ट हाय म्हणे! आणि रागाच्या खाली भीती होती. आता यांना हे सांगायचं कुणी? ज्या माणसाची सगळी पत त्याच्या कानात होती, त्याला तोंडावर सांगायचं की तुमचा कान संपला? मला ते जमणार नव्हतं. मी चहा करून दिला. जेवण वाढलं. जेवताना आम्ही नातेवाइकांविषयी बोललो.

जेवणानंतर माझा डोळा लागला. उठले ती अक्कांच्या हाकेनं. त्या जिन्यातून ओरडत होत्या, "ए पोरी, लवकर खाली ये गं! तुझे वडील गाडीला चावतायत!"

मी अनवाणी खाली धावले. पार्किंगमध्ये गाडी सुरू होती. आप्पा उजव्या बाजूला उकिडवे बसले होते, एक हात वर करून ॲक्सिलरेटर धरलेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकलेलं होतं आणि त्याची लाकडी मूठ त्यांनी दातांत घट्ट धरली होती. डोळे मिटलेले. टोक त्यांनी बोटभर वर सरकवलं, थांबले, आणखी थोडं वर सरकवलं आणि तिथंच ठेवलं.

मी अक्कांना हातानं जायची खूण केली. का कोण जाणे, त्या लगेच आत गेल्या.

आप्पांनी डोळे उघडले आणि मी त्यांना दिसले. मला वाटलं, आता ते दचकतील, काहीतरी सारवासारव करतील. त्यांनी मूठ तोंडातून काढली, धोतराला पुसली. आता ती मला जवळून दिसली. उंदराचं काही नव्हतं. त्या दातांच्या खुणा होत्या, आणि आजच्या नव्हत्या. तेलानं काळ्या पडलेल्या, जुन्या, एकावर एक उमटलेल्या होत्या.

"इथं," आप्पा म्हणाले. गाडी चालू होती, म्हणून नुसत्या ओठांनी. "टायमिंगची चेन. ताणणारा सैल हाय. थंड असली की बडवते."

सोमवारी मी पुन्हा भांडून इंजिन उघडायला लावलं तेव्हा नेमकं तेच निघालं, आणि कंपनीच्या इंजिनिअरनं चेन ताणणारा टेन्शनर बदलून दिला. पण त्या वेळी मला इंजिनाचं काही पडलं नव्हतं.

"मग काल?" मीही ओठांनीच विचारलं.

"काल त्या बाई होत्या," ते म्हणाले. "तू होतीस. तुझ्यासमोर दातात कसं धरू?"

"आईला ठाऊक हाय?"

"तिला ठाऊक हाय. कारखान्याच्या मालकाला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तूच तेवढी ऱ्हायली होतीस."

किल्ली माझ्या हाताशी होती. फिरवली असती तर गाडी बंद पडली असती आणि मग आम्हाला हे सगळं आवाज काढून बोलावं लागलं असतं. मी ती फिरवली नाही. त्यांच्याशेजारी उकिडवी बसले, त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक त्यांनी दाखवलेल्या जागी टेकवलं आणि मूठ दातांत धरली. लाकडाला तेलाची आणि तंबाखूची चव होती. खडखड जबड्यातून सरळ डोक्यात शिरली.

"आली?" आप्पांच्या ओठांनी विचारलं.

मी मान हलवली.