रानमेथीचा ढीग

ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत चांगलीच ऊब होती. बोटांना पांढरी बुरशी लागली होती.

मी चारापिकांवर काम करते. सुरतेत डिंडोलीच्या पलीकडे नानांचा तबेला आहे. नाना मूळ धुळ्याकडचे. त्यांच्या शेतात आम्ही रानमेथीचा ट्रायल लावला होता. हा मेथीसारखाच चारा, पण फारसं कोणी लावत नाही. यील्ड भरघोस आलं, प्रोटीनही चांगलं निघालं. मी खुशीत होते. हिच्यात खोट एकच. ओली राहून बुरशी लागली, की तिच्यातल्या वासाच्या घटकाचं विष बनतं आणि खाणाऱ्या जनावराचं रक्त गोठेनासं होतं. म्हणून मी नानांना फोनवर बजावलं होतं, कापून लगेच वाळवायची.

नानांनी तेच, 'वाळवून ठेवा' म्हणून, रमिलाबेनना सांगितलं. तबेल्यातलं सगळं त्याच बघतात. मी ढिगाकडे बोट दाखवलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "नानाए ज कीधेलुं, घास वाळीने राखजो."

गुजरातीत 'वाळवुं' म्हणजे झाडून गोळा करणं. त्यांनी हिरवा चारा काडी न काडी गोळा करून ठेवला होता.

यातलं कोणाला घातलं, असं मी विचारलं.

"गौरीला, रोज," नाना म्हणाले. "पौष्टिक आहे म्हणाला होतात ना तुम्ही. म्हणून गाभणीलाच."

गौरीचे दिवस भरत आले होते. विताना रक्त थांबलं नाही, तर गाय हातची जाणार. मी लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेतलं. थोड्या वेळात ते गोठायला हवं होतं. आम्ही सगळे नळीकडे बघत उभे. डॉक्टरांनी ती तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. सुई टोचलेल्या जागेतूनही थेंब येतच होते.

नाना हळूच त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मॅडम, मनी गाय वाची ना?"

त्यांची गाय वाचेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं.

व्हिटॅमिन केची इंजेक्शनं सुरू झाली. ढीग खड्ड्यात पुरला. त्यानंतर फोन वाजला की मी दचकत असे. शेवटी नानांचा आलाच. गौरी व्याली होती. रक्त बरंच गेलं, पण थांबलं. वासरू मात्र जगलं नाही.

रानमेथी चांगला चारा आहे, हे मी आजही सांगते. फक्त सुरतेत 'वाळवा' म्हणत नाही. 'सुकवो' म्हणते, आणि ती जमिनीवर पातळ पसरलेली बघूनच घरी जाते.