निळ्या चोचीची सात बदकं

गोराईच्या तळ्यावर निळ्या चोचीची सात बदकं उतरल्याची बातमी उठवणारी मीच, हे आता सांगायला हरकत नाही. ज्यांच्यासमोर लाज वाटावी अशी माणसं फारशी उरली नाहीत, आणि बदकं तर त्याच वर्षी संपली.

गोष्ट सत्तर सालाच्या मागची-पुढची. बोरिवलीला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दोन खोल्यांचं बैठं घर होतं. घरात माणसं तीन. पैकी नवरा बोटीवर नोकरीला, म्हणजे माणसं दोन: मी आणि माझे सासरे, अण्णा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण नवऱ्याबरोबर काढलेले महिने एका हाताच्या बोटांवर मोजून अंगठा शिल्लक राहायचा. सासूबाई आदल्या दिवाळीनंतर गेल्या. त्या असताना घरात बोलणं असायचं. बहुतेक मला उद्देशून आणि बहुतेक चढ्या आवाजात, पण असायचं! त्या गेल्या आणि अण्णांनी बोलणं हा प्रकारच बंद केला. चहा दिला की "हं". पान वाढलं की "हं". एकदा तर मी आमटीत मुद्दाम दुप्पट मीठ घातलं, निदान ओरडतील म्हणून. ते शांतपणे दोन भांडी पाणी जास्त प्यायले आणि हात धुवायला उठले.

माझं माहेर कऱ्हाडचं, बारा माणसांचं. तिथं गप्प बसायचं म्हटलं तर आजारी पडावं लागे. इथं मी स्टोव्हशी बोलायला लागले. ("पेट रे बाबा, आज तरी एका काडीत पेट.") तो निदान फरफर तरी करायचा.

अण्णांच्या आयुष्यात जीव होता तो फक्त रविवारी. थंडीत उत्तरेकडून बदकं येतात, उन्हाळा लागला की परत जातात, एवढं मलाही ठाऊक होतं. अण्णा ती मोजायचे. दर रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण, काखेत रजिस्टर आणि हातात शाईनं इंचांच्या खुणा केलेली काठी घेऊन होडीनं खाडी ओलांडायची, गोराई गावामागच्या तळ्यावर जायचं, काठी बुडवून पाणी मोजायचं, आणि मग रकाने भरायचे. पाणी किती, चिखल किती, लव्हाळी किती, म्हशी किती, बदकं किती. अकरा वर्षांत त्यांचा एक रविवार चुकला नव्हता. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातसुद्धा ते गेले होते, आणि त्याबद्दल नातेवाईकांनी त्यांना बरंच काही ऐकवलं होतं.

त्या वर्षी मार्च संपता संपता होडीच्या धक्क्यावर शेवाळावरून अण्णा घसरले. पाय सुजून भोपळा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे पाऊल जमिनीला टेकवायचं नाही. रविवार उजाडला तसे अण्णा रजिस्टर मांडीवर घेऊन कॉटवर बसले आणि दाराकडे बघत राहिले. मला ते बघवेना. मी विचारलं, "अण्णा, मी जाऊन मोजून येऊ का?"

कित्येक महिन्यांत त्यांनी माझ्याकडे धड बघितलं ते तेव्हा. मग घाईघाईनं मला शिकवायला घेतलं. लांब टोकदार शेपटी ते तलवार बदक, पसरट चोच तो थापट्या, आणि चोचीवर पिवळा न् लाल ठिपका ते हळदीकुंकू बदक. (हे एकच नाव माझ्या लक्षात राहिलं.) दुर्बीण त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातली.

तळ्यावर पोचले आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ मला माझ्याच पापण्या दिसत होत्या. त्या बाजूला झाल्या तेव्हा तळं दिसलं. पाणी नडगीभर, काठचा चिखल भेगाळलेला, म्हशी दोन. बदकं एकही नाही. मी डावीकडून उजवीकडे बघितलं, उजवीकडून डावीकडे बघितलं. सगळी गेली होती. मी बांधावर बसले आणि मला रडू यायला लागलं. ज्या माणसाची बायको दिवाळीनंतर गेली, त्याला जाऊन कसं सांगायचं की अण्णा, हीपण गेली?

तेवढ्यात तांबड्या चौकड्यांचं लुगडं नेसलेली एक बाई हातात काठी घेऊन, सात पांढरीशुभ्र बदकं हाकत तळ्याकडे आली. ती फिलूबाय. गावातली ख्रिस्ती, पन्नाशीची, आवाज खाडीपलीकडे पोचेल असा. मी दुर्बीणवाल्या म्हाताऱ्याची सून हे कळल्यावर तिनं आधी पायाची चौकशी केली. मग मी जरा चाचरतच विचारलं, तुमची बदकं मोजली तर चालतील का.

"मोज ना गो बाय," ती म्हणाली. "मोजून काय कमी व्हनार हान?"

घरी आले. अण्णांनी विचारलं, किती? मी म्हटलं, सात. त्यांनी विचारलं, कुठली? याचा मी विचारच केला नव्हता. पांढरी म्हटलं असतं तर अण्णांनी जागच्या जागी ती गावठी ठरवली असती. त्यांच्यासमोर पक्ष्यांचं पुस्तक उघडं होतं आणि त्या पानावर एक बदक होतं, पांढऱ्या डोक्याचं. "डोकं पांढरं," मी म्हटलं. (हे तर खरंच होतं.) मग चित्राकडे तिरका डोळा टाकून पुढं म्हटलं, "आणि चोच निळी."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "निळी? नक्की निळी?"

मला काय माहीत की तो पक्षी आपल्याकडे क्वचितच, आणि तोही पार उत्तरेला उतरतो? मी आपली चित्रातली सगळ्यात देखणी चोच निवडली होती! पण अण्णा बोलायला लागले. तो पक्षी कुठून येतो, कुठं राहतो, आपण उभ्या जन्मात तो कसा बघितला नाही. चहा निवला, मी दुसरा केला, तोही निवला. सासूबाईंना त्यांनी एकदा तळ्यावर नेलं होतं आणि त्या छत्रीखाली बसल्या बसल्या घोरायला लागल्या, त्याबरोबर चाळीस बदकं उडाली, हेही सांगितलं. मी हसले. मग अण्णाही हसले. त्या रात्री मी रेडिओ न लावता झोपले. आता सांगा, दुसऱ्या दिवशी उठून मी खरं कसं सांगायचं?

पुढच्या रविवारीही सात. त्याच्या पुढच्याही रविवारी सात. अण्णांनी विचारलं, जोड्यानं आहेत का. मी म्हटलं, तीन जोड्या आणि एक एकटं. झालं! आठवडाभर त्यांना त्या एकट्याचा घोर लागला. ते खातं का, बाकीची त्याला जवळ येऊ देतात का, बसतं कुठं. मी सांगितलं की ते कडेला बसतं, बाकीच्यांकडे तोंड करून, आणि कोणी आपल्याशी बोलेल का याची वाट बघतं. अण्णा म्हणाले, पक्ष्यांच्या बाबतीत असं काही म्हणता येत नाही. पण त्यांनी ते शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले, कारण मी कोणाबद्दल बोलत होते ते मला चांगलं कळत होतं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. अण्णांनी माझ्या नकळत, शेजाऱ्यांच्या हातून, शहरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या मंडळाला पत्र टाकलं, आणि मला कळलं ते एकदम उत्तर आल्यावर. मंडळाचे सेक्रेटरी येत्या रविवारी जातीनं बदकं बघायला येत होते. नोंद खरी ठरली तर अण्णांच्या नावानं मासिकात छापून येणार होती. अण्णांनी ते पत्र तीन वेळा वाचून दाखवलं आणि ट्रंकेतला कोट उन्हात घालायला सांगितला. माझी वाट लागली. नोंद खोटी निघाली तर अकरा वर्षांचं रजिस्टर खोटं पडणार, आणि अण्णा पुन्हा "हं" वर जाणार. पहिल्यापेक्षा मला दुसऱ्याचीच भीती जास्त होती, हे कबूल करते.

शनिवारी मी कपड्यांच्या निळीची पुडी घेऊन खाडी ओलांडली. बेत साधा होता. फिलूबाय एकेक बदक धरणार, मी चोच रंगवणार. लांबून बघणाऱ्याला काय कळतंय?

फिलूबायच्या अंगणात पिसंच पिसं होती. तीन बाया पाटावर बसून सोलत होत्या आणि मोठ्या टोपात माझा सगळा शास्त्रीय पुरावा पडला होता. दुसऱ्या दिवशी ईस्टर. उपासाचे चाळीस दिवस घरात मटण शिजलं नव्हतं आणि ही सात बदकं तेवढ्यासाठीच पोसलेली होती. हे गोराईच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल, पण कऱ्हाडला आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. हातातली पुडी कशाला, असं फिलूबायनं विचारलं. मी सांगितलं, चोची रंगवायला. मग सगळंच सांगितलं. ती हसता हसता जमिनीवर बसली, आणि बाकीच्या दोघींना नीट ऐकू आलं नव्हतं म्हणून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग मात्र डोळे पुसून म्हणाली, "घरान कोन नाय का गो तुज्याशी बोलाला?"

त्यावर मी त्या पिसांत बसून जी रडले, त्याचा हिशेब कुठल्याच रकान्यात नाही.

परतीच्या होडीत मात्र माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बदकं नाहीत हे तर उत्तमच! स्थलांतर करणारे पक्षी आहेत, गेले उडून. यात माझा काय दोष?

रविवारी सेक्रेटरी आले. किडकिडीत, डोक्यावर खाकी टोपी, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, खांद्यावर तीन पायांची दुर्बीण. अण्णा कोट घालून, काठी टेकत. तळ्यावर म्हशी दोन. मी कपाळाला हात लावून म्हटलं की गेली वाटतं हो, काल-परवाच गेली असणार. सेक्रेटरी भला माणूस. म्हणाले, असं होतं, आणि कुठल्या दिशेला गेली असतील. मी उत्तरेकडे बोट केलं. अण्णांचा चेहरा पडला, पण सेक्रेटरींनी वही काढली आणि सांगितलं की तीन आठवड्यांची नोंद आहे, तेवढीही छापता येईल. मी सुटले. चारेक मिनिटं मी पूर्णपणे सुटलेली होते.

मग बांधावरून फिलूबाय आली. नवं लुगडं, गळ्यात सोनं, हातात डबा.

"बाय, तुजी बदकं आनली," ती लांबूनच म्हणाली. "मोजून घे. सात नाय, दोनच हान, पावनं लय आलं."

सेक्रेटरींनी डब्याचं झाकण उघडलं. त्यांच्याकडे वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात त्या मसाल्याचा वास तळ्यावर पसरला. मग फिलूबायनंच प्रामाणिकपणे खुलासा केला की चोच निळी नव्हती, पिवळीच होती, पोरगी रंगवणार होती पण उशीर झाला. सेक्रेटरींनी वही मिटून खिशात ठेवली. ते पहाटेपासून उपाशी होते. त्यांनी एक तंगडी उचलून बारकाईनं तपासली, मग दुसरी तपासली, आणि फिलूबायला मसाल्याची कृती विचारून दुपारच्या होडीनं गेले.

अण्णा बांधावर बसून राहिले. त्यांनी रजिस्टर उघडलं, तीन ठिकाणचा सात खोडला आणि तीन ठिकाणी शून्य लिहिलं. मग म्हणाले, "शून्य सांगायला काय झालं होतं?"

"सांगवेना," मी म्हटलं. "सगळी गेली, असं तुम्हाला सांगवेना."

"अगं, शून्य हीसुद्धा नोंदच असते. एप्रिलात बहुतेक शून्यच असतं. तरी मी येतो. घरी बसून बोलणार कोणाशी?"

"माझ्याशी," मी म्हटलं. ते जरा मोठ्यानं निघालं. एका म्हशीनं मान वळवून बघितलं.

अण्णा म्हणाले की त्यांना वाटायचं, तरण्या मुलीला म्हाताऱ्याची कटकट कशाला. मी म्हटलं, "हं." मग आम्ही उरलेला डबा खाल्ला. एकट्या सासऱ्याबरोबर एका डब्यात जेवलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच सून असेन.

पुढच्या रविवारी दोघं गेलो. अण्णांनी मला बांधावर बसवलं, दुर्बीण हातात दिली आणि सांगितलं, आता दिसेल तेच सांगायचं. मी पाव तास बघितलं. कोपरा न् कोपरा बघितला. बदक नव्हतं, आणि नाही हे सांगायला मला या खेपेला अजिबात भीती वाटली नाही. मी ताठ बसून, छाती पुढं काढून म्हटलं, "शून्य."

अण्णांनी दुर्बीण घेतली, एकवार फिरवली आणि माझ्या हातात परत दिली. "त्या लव्हाळ्यांच्या बुडाशी बघ," ते म्हणाले. "डोळ्यावर पांढरी रेघ आहे ना, ती भुवई बदकं. दोन. सगळ्यांत शेवटी जातात, हलत नाहीत म्हणून दिसत नाहीत. गेल्या रविवारी निळ्या चोचीच्या नादात आम्हालाही दिसली नाहीत. महिनाभर तिथंच बसली असणार."

म्हणजे मी तीन रविवार खोटं बोलले तेव्हा तळ्यावर बदकं होती. आणि ज्या एका रविवारी मी शपथेवर खरं बोलले, त्या दिवशी तेही खोटंच निघालं.