एकाच सर्व्हरवरची दोन गिऱ्हाइकं

परळीतल्या आमच्या सर्व्हरवाल्या मामांना घाई करता येत नाही. सुपारी कातरतात, स्क्रीनवर बोट ठेवतात आणि सर्व्हरवर कोण कधी आलं त्याच्या ओळी पुटपुटत वाचतात. कुणाला शिवीही देत नाहीत, हे मला खटकतं.

औष्णिक वीज केंद्राच्या उडत्या राखेबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारींची आमची साइट नेमकी सुनावणीच्या सकाळी उघडेना. दुपारी त्याच तक्रारी सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे दाखवायच्या होत्या. राख वाहणाऱ्या कंत्राटदाराची साइटही मामांच्याच सर्व्हरवर. मी म्हणालो, "हे त्याचंच काम हाय."

"न्हाई बे. माणूस पान उघडतो, वाचायला थांबतो. हे थांबतच न्हाई. बॉट हाय, आपोआप पानं उघडत सुटणारा प्रोग्राम. तुझ्या क्यालेंडरवर पुढचा महिना, पुढचा महिना करत शंभर वर्षं पुढं गेलंय. तवाच्या तक्रारी मागतंय."

"राख तवाबी उडंल. मामा, कंत्राटदाराची साइट बंद करा, आमची चालंल."

"कावून? कशापायी बंद करू? तोबी माझ्याच भरवशावर हाय."

"तुमच्या सुपारीवर त्याचीच राख बसलीय."

त्यांनी सुपारीवर फुंकर मारली, ती तोंडात टाकली आणि बॉटची वाट बंद केली. लोड उतरला. आमच्या तक्रारी उघडल्या. कंत्राटदाराच्या ट्रकांचे चकाचक फोटोही उघडले.

अन्यायापुढे तटस्थ राहणारा अन्यायाचा भागीदार असतो, हे मी पत्रकांत कैकदा छापलंय. सोबती म्हणतात, सर्व्हर बदल. मी बदलत नाही. उद्या कंत्राटदार आमची साइट बंद करायला सांगेल, तेव्हा मामा त्यालाही "कावून?" एवढंच विचारतील.