तोंडी चौतीस, असल एक्केचाळीस

देगलूरच्या बाजारात दस्तगीर मास्टरांचं दुकान कुठंय म्हणून कुणालाही विचारा, तो आधी स्वतःच्या पोटावरून एक हात फिरवतो आणि मग रस्ता सांगतो. दुकान तसं साधंच. दोन मशिनी, एक कापड कापायचं टेबल, एक इस्त्री आणि भिंतीला जरा कलता लावलेला आरसा. तो कलता मुद्दाम लावलाय. त्यात उभा राहिलेला माणूस दोन बोटं उंच दिसतो आणि खुशीत येतो.

गिऱ्हाईक खुशीत असलं पाहिजे, ही मास्टरांच्या धंद्यातली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट त्यांना त्यांच्या वालिदांनी, म्हणजे वडिलांनी, शिकवली होती. माणसाचं माप ही अमानत असते, विश्वासानं सोपवलेली ठेव. ते घ्यायचं, लिहायचं आणि विसरून जायचं. पण वालिदांनी नुसतं तत्त्व सांगितलं, त्याची पद्धत मास्टरांनी स्वतः बसवली. मापं दोन असतात. एक तोंडी, एक असल. तोंडी माप मोठ्यानं बोलायचं, गिऱ्हाइकाला जे ऐकायचंय ते. असल माप वहीत लिहायचं, उर्दूत, आणि पुढच्या वेळी घोटाळा नको म्हणून शेजारी तोंडीही.

आता भूगोलाचे शिवशंकर सर घ्या. मास्टर त्यांच्या कमरेभोवती टेप गुंडाळतात आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडतात, "कंबर चौतीस!" सर म्हणतात, "बघा मास्टर, रोज सकाळी चालतो मी." मास्टर म्हणतात, "दिसून राहिलं की, सर." आणि वहीत एक्केचाळीस लिहितात. पँट अशी बसते की सर शिक्षकांच्या खोलीत सांगत सुटतात, तयार कपड्यांच्या कंपन्या सगळ्या चोर, त्यांची चौतीस माझ्या मांडीवर चढत नाही. असा निम्मा गाव मास्टरांच्या भरवशावर वीस वर्षं चौतिशीत अडकून बसला होता.

एक खूण मात्र मास्टर लाल पेनानं करत. ज्याचं पोट सुटलंय, त्याच्या नावापुढं एक गोल. म्हणजे समोरून कापड दोन इंच जास्त सोडायचं. अगदीच हाताबाहेर गेलेल्याला दोन गोल. या लाल गोलांनी पुढं गावात जी धमाल उडवली, ती मास्टरांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिली नव्हती.

झालं असं, की मल्लिनाथच्या मंडळाला मिरवणुकीसाठी पंधरा भगवे कुर्ते हवे होते. मल्लिनाथ म्हणजे मोबाईलच्या कव्हरांचा दुकानदार, वय सव्वीस, मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून दोनदा तरी फिरायचं, की 'त्यांच्या' दुकानातून काही घेऊ नका. तो मेसेज पुढं ढकलूनच मल्लिनाथ पोरांना घेऊन मास्टरांच्या दुकानात आला. बहिष्कार आपल्या जागी आणि फिटिंग आपल्या जागी. मास्टरांना तो मेसेज माहीत होता, मल्लिनाथला तो त्यांना माहीत असल्याचं माहीत होतं, आणि दोघांनी मिळून कापडाच्या क्वालिटीवर पाच मिनिटं गप्पा मारल्या.

पंधरा जण ओळीनं उभे राहिले. मास्टर ओरडत गेले, लिहीत गेले. आठ जणांपुढं लाल गोल पडला. मिठाईवाल्याचा भुजंग आला तेव्हा हात पुरेनात म्हणून मास्टरांनी टेप घेऊन त्याच्याभोवती एक चक्कर मारली, तोंडानं "पोट अडतीस!" म्हणाले आणि दोन गोल मारले. शेवटी मल्लिनाथ. त्यानं श्वास ओढून छाती फुगवली, डोळे बाहेर यायला आले. "छाती बेचाळीस!" मास्टर म्हणाले. लिहिलं छत्तीस. पोराच्या लग्नाची बोलणी नायगावला चालू होती हे त्यांना कळलेलं होतं. त्याच्या प्रत्येक कुर्त्याच्या खांद्यात ते डबल अस्तर आणि छातीत जाड कॅनव्हास घालत आले होते आणि त्याचा शब्द कधी हुरमतबींपुढंही, म्हणजे स्वतःच्या बायकोपुढंही, काढला नव्हता.

मास्टर चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात मल्लिनाथनं वहीचा फोटो काढला. का काढला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. उर्दूत काहीतरी लिहिलेलं दिसलं आणि हात आपोआप फोनकडं गेला.

संध्याकाळपर्यंत फोटो गावभर. आपल्या मंडळाच्या पंधरा पोरांची यादी उर्दूत! प्रत्येकापुढं दोन दोन आकडे! आणि आठ जणांपुढं लाल गोल! कोण कितवा उभा होता ते आठवून आठवून पोरांनी आपापला गोल शोधला. ज्यांना गोल होता ते घाबरले. ज्यांना नव्हता तेही घाबरले, कारण गोल असलेल्यांबरोबर ते रोज गाडीवर डबल सीट फिरत होते. कुणी म्हणालं, पहिला आकडा गल्लीचा, दुसरा घराचा. भुजंगला दोन गोल आहेत हे कळल्यावर त्यानं घराची कडी लावून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा एक रात्र उपाशी राहिला. मिठाईवाल्याच्या घरात ही मोठी बातमी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दुकानासमोर शे-दीडशे माणूस जमलं. गर्दी बघून फौजदार सुकन्या मॅडम आल्या. त्यांनी वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली, आणि म्हणाल्या, "मास्टर, काय लिहिलंय ते वाचून दाखवा आणि विषय संपवा."

"माप हाय, मॅडम."

"मग वाचा की."

मास्टरांनी गर्दीकडं पाहिलं. मागच्या रांगेतल्या एकाच्या हातात दगड होता आणि त्याची पँट मास्टरांनीच शिवलेली होती. एक पान वाचलं असतं तर सगळं दोन मिनिटांत मिटलं असतं. न वाचावं तर वही ठाण्यात जाणार, मागोमाग आपण जाणार, आणि परत येईपर्यंत दुकानाचं काय होईल ते दिसतच होतं. पण समोर उभा असलेला एक अन् एक माणूस वहीत होता. शिवशंकर सर दुसऱ्या रांगेत होते आणि पोट आत ओढून उभे होते.

"न्हाई वाचणार," मास्टर म्हणाले.

गर्दीत गलका झाला. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या हुरमतबी पडद्याआडून कळवळल्या, "पढ़ के बता देव ना जी! कायकू जिद करतें?"

"अमानत है," मास्टर पुटपुटले.

"बघा, बघा! अमानत म्हून राहिला!" मल्लिनाथ ओरडला. त्या शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक होता, पण त्या दिवशी तो एकदम वेगळाच ऐकू आला.

सुकन्या मॅडम वैतागल्या. "उर्दू शाळा पन्नास पावलांवर आहे. तिथल्या गुरुजींना बोलवा."

"त्यांच्यातला न्हाई पायजे," मल्लिनाथ म्हणाला. "ते एकमेकाचं झाकतेत. आपल्यातला उर्दू वाचणारा पायजे."

आपल्यातला उर्दू वाचणारा! गर्दी एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी एका म्हाताऱ्यानं व्यंकटराव आण्णांचं नाव घेतलं. आण्णा एक्क्याण्णव वर्षांचे. निजामाच्या अमदानीत सातवीपर्यंत उर्दूत शिकलेले. कान गेलेले, डोळे मात्र ठणठणीत. मंडळाच्या चार पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं.

आण्णांनी वही पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. सत्तर वर्षांत कुणी त्यांच्यापुढं उर्दू ठेवलं नव्हतं. "वा! हात चांगला हाय," ते म्हणाले. स्वतःला ऐकू यावं म्हणून ते मोठ्यानं बोलायचे, इतक्या मोठ्यानं की बसस्टँडपर्यंत जावं. त्यांनी सुरुवातीचंच पान उघडलं.

"शिवशंकर सर! कंबर! तोंडी चौतीस, असल एक्केचाळीस!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कळलं. सरांचं ओढून धरलेलं पोट एकदम सुटलं आणि दुसरी रांग हसून लोळायची बाकी राहिली.

"आण्णा, मंडळाचं पान काढा," सुकन्या मॅडम त्यांच्या कानाशी म्हणाल्या. त्यांना पण हसू आवरेना.

आण्णांनी पान काढलं. एकेक नाव, तोंडी एक, असल दुसरंच. लाल गोलाचा अर्थ पानाच्या कोपऱ्यातच लिहिलेला निघाला. "लाल गोल, पोट सुटलेलं, कपडा दोन इंच जादा!" दगडवाल्यानं दगड हळूच गटारीत सोडला, कारण वहीत मागच्या पानावर आपण आहोत हे त्याला आठवलं. मग भुजंगचा नंबर आला. "पोट तोंडी अडतीस, असल शेचाळीस! गोल दोन! बसला की बटण उडतं, दुहेरी दोऱ्यानं लावणे. दिलाचा नेक पोरगा हाय, दुकानात याला कुणी हसू नये!"

भुजंग तोवर आईच्या पदराआडून तिथं पोचला होता. त्यानं ऐकलं आणि डोळे पुसले. मग शेजारच्या टपरीवरून तीन वडापाव घेतले.

"पुढचं नाव मल्लिनाथ," आण्णा म्हणाले.

मास्टर पुढं झाले आणि त्यांनी पानावर हात ठेवला. "हे एक राहू द्या, आण्णा."

"बघा! माझंच लपवून राहिला!" मल्लिनाथ गरजला. "वाचा आण्णा! हेच वाचा! जोरात!"

मास्टरांनी त्याच्याकडं पाहिलं. गाढवा, गप बस, असं त्यांना मनापासून म्हणायचं होतं. पण सुकन्या मॅडमनी त्यांचा हात बाजूला केला.

आण्णांनी ओळ मनातल्या मनात वाचली, पुटपुटत. मग मल्लिनाथकडं पाहिलं, त्याच्या फुगवलेल्या छातीकडं पाहिलं, पुन्हा ओळीकडं पाहिलं. आणि वही मिटली.

"छाती बेचाळीस," ते म्हणाले. "फुडं शाई पसरलीय. मला घरी न्या, भूक लागली."

शाई कुठंही पसरली नव्हती.

गर्दी हसत हसत पांगली. मॅडम हसत गेल्या, पोरं एकमेकांच्या पोटात बोटं खुपसत गेली. जाताना दोघातिघांनी मास्टरांच्या पाठीवर थापही मारली, जणू सगळ्यांनी मिळून एक मोठी मजा केली होती. मास्टरांना राग आला. जरा उशिरानं आला, पण जबरदस्त आला. सकाळी दगड घेऊन आले, दुपारी हसत गेले, आणि चुकलं एवढा एक शब्द शे-दीडशे तोंडांतून एकालाही काढता आला नाही. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. हुरमतबींनी दोनदा हाक मारली तरी ते मशिनीपाशी तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी नवी वही आणली आणि दारावर पाटी लावली. आजपासून माप मराठीत, मोठ्या अक्षरात, सर्वांसमोर लिहिले जाईल. वही टेबलावर उघडी ठेवली, पेन दोऱ्यानं बांधला.

पाच दिवस एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. लोक दारापर्यंत यायचे, पाटी वाचायचे आणि औषधाच्या दुकानात शिरायचे. शिवशंकर सर तर समोरच्या फुटपाथनं जायला लागले. पंधरा कुर्ते तेवढे नेले गेले आणि पंधराच्या पंधरा असे बसले की मिरवणूक बघायला आलेल्या बायांनी शिंप्याचं नाव विचारलं.

सहाव्या दिवशी मल्लिनाथ आला. बगलेत सफारीचं कापड. नायगावचं जमलं होतं.

"हात वर कर," मास्टर म्हणाले. टेप लावली आणि काही न ओरडता मराठी वहीकडं वळले.

"मास्टर," मल्लिनाथ हळूच म्हणाला, "ते... तुमच्या जुन्या वहीत लिवा की."

"कामून? त्यात कट असतो म्हणं."

"उर्दूत लिवा, मास्टर. पाया पडतो."

"जोरात बोल. रस्त्यावर ऐकू जाईना."

मल्लिनाथचे कान लाल झाले. त्यानं मागं वळून रस्ता पाहिला आणि खरंच ओरडला, "उर्दूत लिवा, मास्टर!" रस्त्यावरचे दोघे थांबले. त्यातल्या एकाला ही मागणी मनापासून पटलेली दिसली.

मास्टरांनी जुनी वही काढली. राग पुरता गेला नव्हता, पण लिहिताना अक्षर चांगलं आलं.

"मास्टर, एक विचारू?" मल्लिनाथ म्हणाला. "त्या दिवशी फोटो काढायच्या आधी मी तुमाला नुसतं विचारलं असतं, ह्यात काय हाय म्हून, तर सांगितलं असतं का तुमी?"

"न्हाई," मास्टर म्हणाले. "मान कापली असती तरी न्हाई. पण तू विचारायला पायजे व्हतं, बाबा. सव्वीस वर्षांचा झालास, पहिली चड्डी तुझी मी शिवली. मला इचारायचं."

मल्लिनाथ जमिनीकडं बघत उभा राहिला.

"मान वर कर," मास्टर म्हणाले. "कॉलरचं माप राहिलंय."