बेलभंडाऱ्याऐवजी लेकरू

पाटलानं मले चावडीच्या खाली उभं केलं, लोकं जोडे काढतात तिथं. वर बसलेल्या शेतकऱ्यायनं एकेक करून बेलभंडारा उचलला. शपथ एकच, मत देशमुखाले. माही पाळी आली तसं पाटलानं ताट मांगं ओढलं.

"महारणीच्या हातानं बाटन हे. तू पोराच्या डोक्यावर हात ठेव. म्हण, देशमुखाले मत नाई देलं त माहं पोरगं मरो."

सारे हासले. माहा नवरा इंग्रज सरकारच्या लढाईत मेला होता. त्याच्या पेन्शनीवर मले मताचा हक्क भेटला, वस्तीतल्या बायायत एकटीले. कौन्सिलासाठी आमचाच एक शिकलेला माणूस बी उभा होता. पण विहिरीवर आमच्या घागरीत पाणी वाढणारे पाटलाचे गडी. म्या हात ठेवला. शब्द बोलली. लेकरू वर माह्या तोंडाकडं पाहून राह्यलं होतं. थू माह्या जिनगानीवर!

हिवरखेडच्या शाळेत मतदान होतं. आत पाटील नव्हता. मले एकदम संताप आला. जो माह्या लेकराचं मरण माह्याच तोंडानं मागते, त्याच्या माणसाले मत देऊ? काहून? आमच्या माणसाले देलं. बाहेर पाटलानं इचारलं, "कोनाले देलं?" म्या खरं सांगतलं.

दुसऱ्याच दिवशी गड्यायनं आमचं पाणी बंद केलं. अख्खी वस्ती नाल्याचं पाणी प्याली. उन्हाळ्यात पटकी आली. माहं लेकरू एका दिवसात गेलं.

पाटलीण भर रस्त्यात बोलली, "मतापायी मायनं लेकरू खाल्लं." माही सासू बी तेच बोलली. मले बी तेच खरं वाटे. भाऊ म्हणे, कावळा बसाले अन् फांदी तुटाले, शपथेनं कोनी मरते काय? मंग ध्यानात आलं. पटकीनं मेले ते सारे आमच्या वस्तीतले. विहिरीचं पाणी पेणाऱ्यायले काहीच नाई झालं. माहं लेकरू शपथेनं नाई मेलं, पाटलानं मारलं.

पटकी सरल्यावर गडी पुन्हा पाणी वाढाले लागले होते. आता पुन्हा निवडणूक आली. सकाळीच पाटलाचा गडी दारात. "पाटील बलावून राह्यले, चाल."

म्या म्हटलं, "सांग त्याले, मत आमच्याच माणसाले देईन. अन् आज पाणी वाढाले येऊ नका. विहिरीत घागर मीच बुडवीन. जो आडवा येईन, त्याच्या टाळक्यात तीच घागर घालीन."